बायडाबाईच्या बरणीतली जेली

पिंपरी पेंढारच्या म्हस्कूनं माळ घातली तेव्हा अख्ख्या आळीला हसू आलं होतं. मटणाच्या पातेल्याशेजारी बसला की उठायचं नाव न घेणारा हा माणूस. उभी जवानी मेंढरांमागं गेलेली. दरसाल दिवाळी सरली की कळप घेऊन माळशेज घाट उतरायचा आणि पावसाआधी वर यायचा. वाटेत एखादं मेंढरू पाय मोडून पडलं की मुक्कामाच्या वाड्यावर रस्सा शिजायचा. थंडीच्या दिवसांत उरलेला रस्सा सकाळी पातेल्यात थिजलेला असायचा. नळीच्या हाडांचा तो थिजलेला गोळा बोटानं उचलून जिभेवर ठेवला की न चावता विरघळून जायचा. म्हस्कूच्या लेखी त्याच्यापुढं पुरणपोळीसुद्धा काही नव्हती.

पण घातलेली माळ त्यानं निभावली. कालव्याचं पाणी आलं तशी मेंढरं विकून त्यानं शेती धरली, ब्याण्णव साली पोटाच्या मोठ्या दुखण्यातून उठला आणि गळ्यात तुळशी घातली. त्यानंतर अकरा वर्षं अंड्यालाही शिवला नाही. लोक त्याला म्हस्कूबुवा म्हणायला लागले. खरं सांगायचं तर हे बुवापण त्याला मटणापेक्षा गोड लागलं.

साठीला टेकेपर्यंत तोंडात चारच दात राहिले. चिवडा सुटला, लाडू सुटला, चिक्कीकडं तर बघवेना. मग त्याला जेलीचा नाद लागला. वरून साखर लावलेली, नारिंगी, हिरवी, लाल अशी मऊ जेली शाळेसमोरच्या बायडाबाईच्या दुकानात काचेच्या बरणीत असायची. सकाळी डेअरीवर दूध घातलं की म्हस्कू दुकानापुढं उभा. शाळेची पोरं एका बाजूला, हा एका बाजूला.

बायडाबाई बौद्ध वस्तीतली. नवरा गेल्यावर तिनं दुकान टाकलं आणि पोरगी प्रतीक्षा हिला पुण्याला नर्सिंगला घातली. वयानं ती म्हस्कूपेक्षा वर्षभर मोठीच, पण तो तिला अगं-तुगंच करायचा आणि ती त्याला म्हस्कूभाऊ, तुमी, असं बोलायची. ती जेली कागदात बांधून फळीवर ठेवायची. तो पैसे फळीवर ठेवायचा आणि पुडी उचलायचा. इतक्या वर्षांत हाताला हात कधी लागला नव्हता, आणि हे कुणी ठरवलेलंही नव्हतं. आपण जातपात मानत नाही, असं मात्र म्हस्कू जिथं तिथं सांगायचा. पुरावा म्हणून बायडाबाईचं दुकान दाखवायचा.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतरची गोष्ट. डेअरीवर सोमाजी पेपर घेऊन बसला होता. सोमाजीही माळकरी, आणि म्हस्कूचा बोलबाला त्याला फारसा सोसायचा नाही. पेपरात आलं होतं की मऊ जेलीच्या काही गोळ्यांत जिलेटिन घालतात, ते जनावरांची हाडं उकळून काढतात, आणि म्हणून आता पाकिटावर शाकाहारी मालाला हिरवा ठिपका आणि मांसाहारी मालाला तपकिरी ठिपका छापतात. सोमाजीनं हे सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग पेपरची घडी घालत म्हणाला, "म्हस्कूबुवा, म्हंजी तुमी रोज सकाळी हाडं चघळताय म्हना की."

सगळी डेअरी हसली. हाडं उकळली की रस्सा थिजतो हे म्हस्कूला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मेंढरू मेलं की पोतं घेऊन हाडं गोळा करणारा यायचा, ती हाडं कुठल्याशा कारखान्यात जायची, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि एवढ्यातच, चार दिवसांपूर्वी, जेली खाताना त्याला वाड्यावरचा तो थिजलेला रस्सा आठवला होता. तसंच जिभेवर विरघळणं. त्या वेळी त्यानं डोळे मिटून आणखी दोन खाल्ल्या होत्या.

ही गोष्ट त्यानं स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती. आता चारचौघांत लोक हसताना ती वर आली आणि लाजेचा जाळ झाला. लाजेला दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायचं असतं, तसं त्याचं झालं. तो किटली तिथंच टाकून तरातरा रस्ता ओलांडून बायडाबाईच्या दुकानापुढं गेला. मागून डेअरीवरचे लोक आले. शाळेची पोरं होतीच.

"अकरा वर्सांची माळ बाटवलीस माजी," म्हस्कू ओरडला. "हाडं खाऊ घातलीस."

बायडाबाईला आधी कळेना. मग ती बरणीखालचं पाकीट काढून म्हणाली, हे वाचून घ्या. म्हस्कूला वाचता येत नव्हतं, आणि ते त्या क्षणी कबूल करण्यापेक्षा त्याला मरण बरं वाटलं असतं. त्यानं पाकीट हातानं उडवलं आणि बोलू नये ते बोलला.

"तुमा लोकांच्या हातचं खाल्लं, हितंच चुकलं माजं. तुमाला काय, समदंच चालतं."

सोमाजी जमिनीकडं बघायला लागला. बायडाबाईनं खाली पडलेलं पाकीट उचललं, झटकलं, बरणीला झाकण लावलं आणि आत गेली.

घरी येऊन म्हस्कूनं सुनेला फर्मावलं, घरात असेल नसेल ती जेली उकिरड्यावर टाक. सून रोहिणी दहावी शिकलेली, मोजकं बोलणारी. ती आतून दोन गोष्टी घेऊन आली. एक बायडाबाईच्या दुकानातली अर्धी पुडी. दुसरा चकचकीत खोका, तिचा नवरा भगवंत भोसरीला कंपनीत होता त्यानं दिवाळीला आणलेला. खोक्यावर तिनं बोट ठेवलं. तपकिरी ठिपका. खाली इंग्रजीत लिहिलेलं होतं ते तिनं अक्षर लावून वाचलं, जिलेटिन.

"आन बायडाबाईची?" म्हस्कूनं विचारलं.

मग रोहिणीनं सांगितलं. वर्षभरापूर्वी ती आणि बायडाबाई एकाच जीपनं आळेफाट्याला गेल्या होत्या. प्रतीक्षानं आईला नर्सिंगमध्ये शिकलेलं सांगितलं होतं, औषधाच्या कॅपसुला आणि जेली यांत हाडांचा अंश असतो म्हणून. तेव्हापासून बायडाबाई माल भरताना ठिपका बघायची, पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना. होलसेलच्या तीन दुकानांत तिनं पाकिटं उतरवून रोहिणीकडून वाचून घेतली. शेवटी चौथ्या दुकानात समुद्रातल्या शेवाळाची जेली मिळाली. दुकानदार कंटाळून म्हणाला, एवढं कोण बघतं? तर बायडाबाई म्हणाली, आमच्याकडं माळकरी गिऱ्हाईक येतं, त्याचं व्रत माझ्या हातून मोडायला नको.

म्हस्कू ओट्यावर बसला. त्यानं पुडीतली एक जेली तोंडात टाकली. ती जिभेवर विरघळली नाही. हिरड्यांखाली कचकन तुटली, नेहमी तुटायची तशी. रश्श्याची आठवण आली होती ती खोक्यातली खाताना, याच ओट्यावर बसून. म्हणजे त्याच्या जिभेला दोन्हींतला फरक आधीपासून ठाऊक होता. दुकानाकडं तरातरा जातानाही ठाऊक होता. त्याला स्वतःची इतकी किळस आली की तोंडातली जेली गिळवेना.

"आदी का न्हाई बोललीस?" त्यानं सुनेला विचारलं.

"तुमी इचारलं कुटं?" रोहिणी म्हणाली आणि खोका उचलून आत गेली.

चार दिवस म्हस्कू दूध घालायला गेला नाही, रोहिणीच जायची. तिच्याकडून कळत होतं की माळकऱ्यांनी बायडाबाईच्या दुकानातून साखरसुद्धा न्यायचं बंद केलंय आणि पोरांना घरून ताकीद आहे. म्हस्कूनं माळ काढून देवापुढं ठेवली होती. गळा ओकाबोका वाटायचा आणि जेवण जायचं नाही. दुपारी रस्ता सामसूम असतो तेव्हा जाऊन तिची माफी मागावी, असं दोनदा मनात आलं. पण चारचौघांत थुंकलेलं एकट्यात पुसायचं, हे त्याचं त्यालाच पटेना.

पाचव्या दिवशी सकाळी तो डेअरीवर गेला. सगळे होते. त्यानं टोपी काढली आणि सांगितलं की हाडांची जेली माझ्या घरातल्या खोक्यात होती, बायडाबाईचा माल शुद्ध शाकाहारी आहे, चूक सगळी माझी. आळेफाट्याची हकिकतही सांगितली. सांगून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. सोमाजीनंच पुढं होऊन म्हटलं, चला, मग आपण समदेच जेली खाऊ. सगळा घोळका रस्ता ओलांडून दुकानापुढं गेला.

बायडाबाई मोजून देत होती, पैसे घेत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, रस्ता काही फार रुंद नाही. म्हस्कूची पाळी आली. आज पहिल्यांदा त्यानं फळीवर न ठेवता पैसे हातात देण्यासाठी हात पुढं केला आणि म्हणाला, "बायडाबाई, माफ करा मला. तुमची जेली चांगली व्हती."

बायडाबाईनं पैसे घेतले नाहीत. ती रागात नव्हती, आणि तेच म्हस्कूला जड गेलं.

"जेलीचं समद्यांना कळलं, बरं झालं," ती म्हणाली. "पर म्हस्कूभाऊ, एक सांगा. ह्या बरनीत खरंच हाडं निघाली असती, तर त्या दिशी तुमी मला जे बोलला, ते बरोबर ठरलं असतं का?"

म्हस्कूचा हात तसाच पुढं राहिला. मागं सोमाजी आणि बाकीचे जेली चघळायचे थांबले होते. बायडाबाई उत्तराची वाट बघत उभी होती. न्हाई म्हणणं सोपं होतं, तो शब्द ओठांपर्यंत आलाही. पण त्याला आतून पक्कं ठाऊक होतं, हाडं निघाली असती तर आज तो माफी मागायला आलाच नसता.