मेश्राम सरांच्या नद्या

मेश्राम सर माणसाला नाव विचारायच्या आधी गाव विचारत आणि गाव कळलं की लगेच त्याची नदी सांगत. मी या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या दिवशी हातातलं हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, गाव कोणतं तुमचं?"

"वाई."

"म्हणजे तुम्ही कृष्णेच्या. आमची कन्हान वैनगंगेत जाते, मंग गोदावरीत. तुमचं पाणी काही आमच्यात येत नाही." क्षणभर त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग चेहरा उजळला. "जाऊ द्या. समुद्रात भेटू."

सर भूगोल शिकवत, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. एप्रिलमध्ये नेमणूक संपणार, जुलैत पुन्हा मुलाखत. सकाळी कन्हान गावातलं कॉलेज, दुपारी सीताबर्डीला आमच्याकडे, संध्याकाळी वाडीचं. स्टाफरूममधल्या खुर्च्या कायम प्राध्यापकांच्या, म्हणून ते ग्रंथालयात खिडकीजवळ बसत. डबा उघडला की झणझणीत रश्श्यावरच्या तर्रीचा वास थेट शब्दकोशांच्या कपाटापर्यंत जाई.

"सर, ग्रंथालयात खाणं मना आहे."

"खाऊन नाही राहिलो मॅडम, चाखून राहिलो," म्हणत ते अर्धी पोळी माझ्यापुढे करत.

मुलाखतीची त्यांना मौज वाटे. समोर बसणारे त्यांचेच सहकारी. एका वर्षी बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी गंभीरपणे विचारलं, "अनुभव किती?"

"एक वर्षाचा, सर," मेश्राम सर म्हणाले, "पण तो लई वेळा घेतला."

प्राचार्यांनाही हसू आवरलं नाही.

जून मात्र ते हसण्यावारी नेत नसत. भूगोलाला पुरेशी मुलं आली नाहीत तर विषयच बंद, आणि विषयाबरोबर सरांचे तासही. म्हणून प्रवेश सुरू झाले की, हातात नेमणूक नसताना, ते फाटकाशी हजर होत. आवारातल्या फरशीवर खडूने जिल्हा काढत आणि पाण्यात कालवलेल्या निळीने नद्या.

"गाव कोणतं गा तुझं? मौदा? मंग राहा इथं कन्हानवर उभा. अन् तू वं? काटोल? तू तिकडं, जाम नदीवर."

मौद्याचा मुलगा म्हणाला, "पण सर, भूगोल घेऊन काय होते?"

"मले पाहून नाही समजलं? स्कूटर मस्त चालवता येते!" मुलं हसली. सर नकाशाच्या खालच्या टोकाला, जिल्ह्याच्या रेषेबाहेर, नद्या एकत्र येतात तिथे जाऊन उभे राहिले. "आपलं पाणी कुठं जाऊन राहिलं, ते समजते गा. तुह्यं वैनगंगेतून येते, हिचं वर्धेतून. इथं प्राणहितेत दोघं एकच."

दोघंही लाजली. दोघांनीही भूगोल घेतला.

यंदा एप्रिलमध्ये नेमणूक संपली, तेव्हा हेल्मेट उचलत ते म्हणाले, "येतो मॅडम. जूनमध्ये फाटकाशी भेटू. नाहीतर समुद्र आहेच."

मे महिन्यात सर झोपेतच गेले. शोकसभेचं विचारायला मी कार्यालयात गेले, तर तिथले बाबू अवघडले. "मॅडम, मेमध्ये ते आपल्याकडं नव्हते न." खरं होतं. मेमध्ये ते कुठल्याच कॉलेजचे नव्हते.

जूनमध्ये मी निळीची पुडी आणली आणि फाटकाशी गेले. एरवी पुस्तक मागायला आलेल्या मुलाशीही मी गरजेपुरतंच बोलते. नकाशा समोर ठेवून काढला तरी माझी कन्हान जरा जास्तच वाकली. पहिल्या मुलाला "गाव कोणतं गा तुझं?" विचारताना आवाज फुटेना. दुसऱ्याला विचारताना फुटला. मग तो थांबेना. भूगोल यंदाही टिकला.

जुलैत नव्या मॅडम आल्या, तासिका तत्त्वावरच. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये डोकावून त्या माझ्या दारात येऊन थांबल्या. हातात डबा.

"इथं बसू का जी?"

"गाव कोणतं तुमचं?"

"मौदा."

"म्हणजे तुम्ही कन्हानच्या," मी म्हणाले आणि खिडकीजवळची खुर्ची पुढे केली.

ग्रंथालयात खाणं मना आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.