हंडा पडला तरी झोपलेली पोर

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. टोकावड्याच्या आसपास मी बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालते.

सुगंधाच्या दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. तिला पायांवर पालथी घेऊन मी तेल चोळत होते. तेवढ्यात पितळेचा हंडा न्हाणीच्या दगडावर आपटला. मी दचकले. पोर हलली नाही.

"किती गुणी गो!" मी म्हणाले.

सुगंधाची सासू, काकी, हसली. "थोरला मांजर चाललं तरी रडायचा. ही शानी."

मग आम्ही तिला शानीच म्हणू लागलो. माझ्या हाताला गुण आहे म्हणून झोपते, असंही मला वाटायचं.

पहिला वाढदिवस झाला तरी पोर हाकेला वळेना. काकी भडकली, "आमच्यात कोन बहिरा नाय. तुज्या म्हायेरचं असंल."

सुगंधानं पोरीला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मुरबाडहून जीप धरून आम्ही तिघी पोरांना घेऊन कल्याणला गेलो. थोरल्याला सांभाळायला मी. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर पोरीचे कान तपासले, तिला नीट ऐकू येत नाही म्हणाल्या. मग विचारलं, "पोटुशी असताना थोरल्याचं उष्टं खायचात?"

सुगंधानं काकीकडे पाहिलं. पोराच्या ताटातला भात टाकायचा नाही, आईनं खायचा, हे काकीनंच शिकवलेलं.

बाई म्हणाल्या, "सीएमव्ही नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेत, लघवीत असतो. आईला फार तर कणकण येते. पोटातल्या बाळाचे कान जाऊ शकतात. यात कुणाचा दोष नाही. बहुतेक तेच असावं, पण आता खात्री देता येत नाही. ती तपासणी पहिल्या तीन आठवड्यांत करतात. औषधही महिन्याच्या आत सुरू केलं तरच थोडाफार उपयोग."

ते तीन आठवडे पोर रोज माझ्या पायांवर होती.

परतताना काकी एकदाच बोलली, "मला काय ठावं गो?"

कानाच्या मशीनसाठी बचत गटाचं कर्ज काढलं. हप्त्यासाठी काकी या वयात दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाऊ लागली.

आता बाळ फार शांत असलं तर मी कौतुक करत नाही. कानाची तपासणी झाली का, ते आधी विचारते. बाया म्हणतात, हिची जीभ काळी. म्हणू देत.

परवा काकी गटाच्या बैठकीतून आली. "फिटलं गो सगळं," म्हणाली.

सुगंधा पोरीच्या कानामागे मशीन बसवत होती. तिनं मान वर केली नाही.