नवखेपणाची नोकरी

ताई टेबलाशी बसल्या की पर्स मांडीवर घ्यायच्या, दोन्ही हातांनी धरायच्या आणि म्हणायच्या, "मी आत्ताच सिल्लोडच्या गाडीतून उतरले असं समजा. मला इथलं काय बी म्हाईत नाय. दाखवा."

मग आम्ही कागद पुढे करायचो.

गारखेड्यातल्या आमच्या लहानशा ऑफिसात एआय एजंटसाठी साधनं बनतात. एजंट म्हणजे माणसाच्या वतीने संगणकावर कामं उरकणारा प्रोग्राम, आणि साधनं म्हणजे त्याने त्यासाठी हाताशी घ्यायचे छोटे प्रोग्राम. आमचा एजंट स्मार्ट करारांचे नमुने धुंडाळतो. हे करार संगणकातच लिहिलेले असतात. अट पुरी झाली की आपोआप अमलात येतात, मग रद्द करा म्हणून गळा काढून उपयोग नाही. कुठलं साधन कधी वापरायचं, हे एजंट त्या साधनाच्या दोन-चार ओळींच्या वर्णनावरून ठरवतो. ते वर्णन नवख्याला कळतं का, हे पाहायचं काम ताईंचं. तुम्ही म्हणाल, बसस्टँडच्या चौकशी खिडकीतून निवृत्त झालेल्या बाईंना हे काम? माझ्या भागीदारानेही हेच विचारलं होतं. आठवड्याभरात तोच कागद घेऊन ताईंच्या टेबलाशी जायला लागला.

एका इंजिनिअरने लिहिलं होतं, 'नमुन्यांचा सर्वंकष शोध घेणारं प्रगत साधन.' ताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"गाडी लई भारी हाय, कळलं. पण फाट्यावर सोडती का गावात नेती?"

साधन नुसती यादी देत होतं, नमुना उघडून दाखवत नव्हतं. बिचाऱ्याने वर्णन पुन्हा लिहिलं. पुढे दोन साधनांची वर्णनं सारखीच निघाली, तेव्हा म्हणाल्या, "दोन गाड्यांना एकच पाटी लावली तर माणूस निदान विचारतो तरी. तुमचा एजंट हाताला लागंल त्या गाडीत बसून मोकळा."

एकदा चहा पिताना मी सहज म्हणालो, "ताई, या वयात दगदग कशाला?"

"सर, तीस वर्षं माणसं मला विचारत व्हती. पैठण कुठं लागती, दौलताबाद कवा सुटती. रिटायर झाले आन् घरात कुणी काय बी विचारंना. तुम्ही विचारता. बरं वाटतं."

तिसऱ्या वर्षी एक वर्णन आलं: 'करारांचे तपासलेले नमुने आणून देतं.' ताईंनी ते पास केलं. चाचणीत एजंटने त्यातला एक नमुना बिनधोक म्हणून ग्राहकाच्या माणसापुढे ठेवला आणि त्याने त्यातलं भगदाड दाखवलं. तपासलेला म्हणजे एवढंच, की तो एकदा चालवून पाहिलेला होता. सुरक्षित आहे का, हे कुणीच पाहिलं नव्हतं. नशीब, चाचणीच होती. ताईंना कुणी बोल लावला नाही.

त्यांनी मात्र कागद परत मागून घेतला आणि बराच वेळ वाचला.

"तपासलेला म्हंजी चालवून बघितलेला, हे मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "पाटीवर नव्हतं. मी मनातलं वाचलं, सर. मी आता नवी नाय राहिले."

मी त्यांना दुसरं काम देऊ केलं. गळ घातली म्हणा ना.

"दुसरं मला येत नाय. आन् हे आता लई यायला लागलं."

मला फार वाईट वाटलं. पण त्यांचं खरं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांच्या जागेसाठीची जाहिरात मी त्यांच्याच हातात दिली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी लिहिली होती तीच: तांत्रिक ज्ञानाची गरज नाही, काम शिकवलं जाईल. त्यांनी पेन्सिलीने खाली एक ओळ घातली, 'काम अंगवळणी पडलं की नोकरी संपेल.'

"मला आधी सांगितलं असतं तरी मी आले असते," त्या म्हणाल्या. "पण सांगायला पायजे व्हतं."

मी मान खाली घालून हो म्हणालो.

त्या जिना उतरल्यावर मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. गेटपाशी एका स्कूटरवाल्याने त्यांना पत्ता विचारला. ताई हात करून करून सांगत होत्या, वळण कुठं, दुकान कुठलं. तो निघून गेला, तरी त्या थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.