उपासनेची चार बाकं

नगरहून निघताना माझ्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीची नियमावली होती. कल्याणला पिशवी उघडली तर दशम्यांना मुंग्या लागलेल्या. नियमावली शाबूत होती.

अंबरनाथच्या छोट्या मंडळीला आमच्या पंचांनी चार सागवानी बाकं पाठवली होती. ती नाहीशी झाल्याची तक्रार आली होती. उपासनेची वस्तू उपासनेखेरीज वापरू नये, हा आमचा सहावा नियम. तो मीच लिहिलेला. बाकं जागेवर आली नाहीत तर तिथल्या दाविदमास्तरांची उपदेशकाची नोकरी जाणार होती, आणि तसा अहवाल द्यायला चिटणीस म्हणून मी निघालो होतो.

शनिवारी रात्री अंबरनाथला पोचलो आणि रविवारी सकाळी उपासनेला गेलो. भाड्याच्या खोलीत कारखान्यातले वीसेक कामगार आणि त्यांच्या बायका चटईवर बसून भजनं म्हणत होत्या. मीही बसलो. प्रार्थना संपल्यावर मला उठवायला दोघे जण लागले.

"बाकं कुठं आहेत, मास्तर?"

"कामावर गेलीत," दाविदमास्तर म्हणाले आणि मला घेऊन निघाले. माणूस काडीसारखा, पण चालण्यात मला ऐकेना.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा क्यांप तिथून जवळच. लष्करानं सोडलेल्या बराकी, आणि चादर टांगली की झालं बिऱ्हाड. एका बराकीत आमची दोन बाकं जोडून त्यांवर तापानं फणफणलेली एक म्हातारी झोपली होती. खाली फरशी ओलीगार. आजारी माणसापुढे मी नियम काढत नाही. पण बराकीमागे तिसऱ्या बाकावर पापड वाळत घातलेले पाहिले आणि माझं डोकं तापलं. नियमावली उघडणार, तोच पापडवाली विधवा बाई भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला घेऊन समोर आली.

"साईं (महाराज), पहले पापड-पानी, बात बाद में."

सिंधी घरात पाहुण्याला आधी हेच देतात म्हणे. दशम्या मुंग्यांना गेल्यामुळे मी तीन पापड खाल्ले. तोंडात नियमही होता, पण पापड असल्यामुळे तो बाहेर येईना.

चौथं बाक बदलापूरकडे, कुळगावात असल्याचं मास्तरांनी सांगितलं. रविवारी गाडीत बसू नये हाही आमचा नियम, पण गुडघ्यांपुढे कुणाचं चालतं? मास्तरांना क्यांपातच थांबवून मी कुळगावचीच एक बैलगाडी ठरवली. चारही बाकं गोळा करून परत न्यायची, असं गाडीवाल्याला बजावलं. भाताची रिकामी खाचरं मागे पडत होती. गाडीवाला म्हणाला, "त्या चौथ्या बाकाव माझा बा निजलाय, पावनं. पाय मोरलाय (मोडलाय) त्याचा. न्याचं त न्या. त्याला भुईव निजवतू."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त टोचलं.

घरात पायाला बांबूच्या कामट्या बांधलेला म्हातारा बाकावर पडला होता. त्यानं मला पाहिलं, दात आवळून दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि कडेला घेतला. "बसा, पावनं. उभं कनाला (कशाला)?"

मी बसलो. मला माझी फार लाज वाटली. रविवारची उपासना मी चाळीस वर्षं चुकवली नव्हती, पण माझ्यासाठी असं कुणी सरकून जागा दिल्याचं आठवेना. आणि मी कुणाला दिली असेन, तेही आठवेना. गाडी रिकामीच परत आणली.

नगरला पंचांच्या बैठकीत मी अहवाल वाचला: "चारही बाकं सापडली. चारही पूर्ण भरलेली असून उपासनेसाठीच वापरात आहेत."

यात खोटं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. दाविदमास्तरांची नोकरी राहिली. अंबरनाथची मंडळी एवढी वाढली असं समजून पंच इतके खूश झाले, की त्यांनी आणखी दोन बाकं मंजूर केली. ती पोचवायला मीच जावं, असंही ठरलं. मी नाही म्हटलं नाही.