कानबाईचे चांदीचे डोळे

आमच्या घरची कानबाई म्हणजे एक जुना नारळ. त्याला चांदीचे डोळे, चांदीची नथ आणि पुढे मांडायला दोन लहान तोडे. वर्षभर हे सगळं पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती पेटी खाली यायची. आमच्या शिरपूरकडच्या गावात ज्याच्या घरी कानबाई, त्याच्या घरी त्या दिवशी सगळी भावकी. एकमेकांचं तोंड न बघणारेही येतात, कारण देवीपुढे रुसवा चालत नाही. माझं घर वर्षातून तेवढा एक दिवस भरायचं. बाकी मी आणि भिंतीवरची पाल.

मालक ऐंशी सालानंतर लवकरच गेले, तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं, सासूबाई आधीच गेलेल्या. थोरल्याचं घर म्हणून कानबाई माझ्याकडे राहिली, पण तिला नटवायचा मान राहिला नाही. डोळे लावायचे ते सवाष्णीनं. त्यासाठी जळगावहून धाकटी जाऊ यायची, मनगटभर हिरवा चुडा भरून. मी आठवडाभर घासून उजळलेले डोळे ती नारळाला लावायची, आणि बायका म्हणायच्या, काय रूप आलं! मी चुलीपाशी रोट थापत असायचे. रोटांचे गहूसुद्धा घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजायचे असतात. माझ्या घरच्या नावानं मोजायला कुणी उरलंच नव्हतं, तरी भाजायची मीच. घासायला, भाजायला मी चालत होते.

पण खरं सांगते, घासायचं काम मला आवडायचं. चांदीशी दांडगाई करून भागत नाही. चिंच, राख, रांगोळी हे पितळ-तांब्याच्या भांड्यांचे लाड. चांदीला त्यानं ओरखडे पडतात आणि नक्षी झिजते. मी रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी त्यांच्या फेसात मऊ फडक्यानं हळूहळू चोळायचे, साध्या पाण्यातून काढायचे आणि पार कोरडं करायचे. ओल राहिली की काळं पडलंच म्हणून समजा. मग मालकांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, सोबत ओल शोषायला खडूचा तुकडा. त्याच फडक्यात माझी जोडवीही असायची. मालक गेले त्या दिवशी बायकांनी पायातून काढली, ती मी देवीच्या पेटीत टाकली होती. पायात होती तेव्हा कधी काळी पडली नाहीत. चालताना आपोआप घासली जायची. पेटीत गेल्यापासून दर वर्षी तीही घासावी लागत. दोघींचं एकदमच उरकायचे.

एका वर्षी उन्हाळी कांद्याचा भाव पडला. शेत सामायिक, वाट्यानं दिलेलं. हिशेबाला जळगावहून दीर यायचा. तो म्हणाला, "वैनी, कांदाना भाव पडेल शे. तुमनं घर रिकामंच शे. बठ्ठा आठेच टाकी देतस."

रिकामं या शब्दाचा मला राग आला, पण बोलणार काय? घर खरंच रिकामं होतं.

मधल्या खोलीत कांद्याची रास लागली, ती थेट माळ्याच्या शिडीपर्यंत. पाऊस सुरू झाल्यावर खालचा थर सडायला लागला. वास असा, की मला जेवण जाईना. चातुर्मासात कांदा खायचा नाही म्हणतात आणि मी ओसरीत झोपायला गेले तरी केसांना कांदा. शिडी राशीत बुडालेली, त्यामुळे पेटी खाली काढता येईना. दिराला दोन निरोप धाडले. तो आला तो थेट कानबाईच्या सकाळी, सगळ्यांबरोबर. पोरांनी कांदे बाजूला सारले, पेटी उतरवली आणि जाऊबाईंनी भावकीसमोर ती उघडली.

डोळे काळेकुट्ट. नथ काळी, तोडे काळे. तव्याच्या बुडासारखे.

जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, देवीना डोया काया पडी ग्यात. देवी नाराज शे."

"बाई, ते कांदामुये शे," मी म्हणाले.

तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. दीर मात्र म्हणाला, "देवीनी गोटमा कांदा कसाले आनतस, वैनी?" कांदा त्याचा, आणि आणला मी!

त्या दिवशी घाईनं जमेल तेवढं पुसून काळवंडलेले डोळेच लावले. गाणी झाली, रोट झाले, पण बायका देवीकडे बघून माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हाताचा दोष निघाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात माझी जोडवी घेऊन शिरपूरला सोनाराकडे गेले. त्यानं हातात घेऊन विचारलं, "घरात कांदा भरलाय का?" म्हणाला, कांद्याच्या वासात गंधक असतं, अंड्यात असतं, लोकरीत, रबरात असतं, चांदीला गंधक लागलं की ती काळी पडते. त्यात चांदी खोटी नसते आणि माणूसही. शेवटचं तो नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं बोलून गेला असेल. मला दुकानातच रडू आलं.

घरी येऊन मी देवीचे डोळे घासायला बसले. रिठ्याचं पाणी तीनदा बदललं. नक्षीच्या खाचा मऊ काडीला कापूस लावून काढल्या. डोळे असे लखलखले, की लग्न होऊन आले तेव्हाही तसे पाहिले नव्हते. वाटलं, आता दाखवते. पटेल त्यांना.

दसऱ्याच्या सुमारास ट्रक घेऊन दीर आणि जाऊ आले. कांदे भरले आणि दीर म्हणाला, यापुढे कानबाई जळगावला आमच्याकडे. मी पेटी आणून फडकं सोडलं. जाऊबाईंनी डोळे हातात धरले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"दखा, कशी चमकी ऱ्हायनी! जावाना आनंद व्हयना तिले."

ज्याला देवी हवी असते त्याला चांदी कशीही असली तरी पुरते. काळी तर माझ्यावर रुसली, उजळ तर त्यांच्याकडे निघाली. मी जाऊबाईंना एवढंच सांगितलं, रबर लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत ओलं घालू नका, खडूचा तुकडा ठेवा. जोडवी काढून घेतली, पेटी ठेवून घेतली. ट्रकमध्ये कांदे गेले आणि दिराच्या मांडीवर कानबाई.

पहिल्या वर्षी गेले मी. जळगावात नशिराबादच्या रस्त्याला त्यांचं नवं घर, पंखा, मोझेकची फरशी. डोळे छान ठेवले होते. सांगितलं तसंच केलं होतं सगळं. मला कामाला हात लावू दिला नाही, आराम करा म्हणाले. खुर्चीवर बसून राहिले, पाहुणी म्हणून. त्याच्यापुढे बोलावणं आलं नाही. कानबाईला बोलावणं लागत नाही, भावकीनं आपणहून जायचं असतं, हे मलाही ठाऊक होतं. पण त्या खुर्चीवर बसायला एस.टी.नं इतकं लांब जावंसं वाटेना.

आता घरात कांदा नसतो. माळाही रिकामा. पेटीत फक्त माझी जोडवी आहेत, त्याच धोतराच्या फडक्यात. श्रावण लागला की मी सवयीनं रिठे भिजत घालते आणि पेटी उघडते. जळगावला जायचं सोडलं त्या वर्षी उघडली तर जोडवी चांगली पांढरी होती. कोरडं फडकं, कोरडी पेटी, वास कशाचाच नाही. घासायला काही नव्हतं. भिजलेले रिठे मी तुळशीत ओतले आणि तो रविवार मला संपता संपेना.

तेव्हापासून नागपंचमीच्या आधी मी बाजारातून एक कांदा आणते. भाजीवाली हसते, "चातुर्मासमा कांदा, अक्का?" मी खात नाही. चिरून पेटीत जोडव्यांजवळ ठेवते. रविवारपर्यंत ती चांगली काळी होतात, आणि मग मला दिवसभर काम असतं.