हिराआत्याचा पाळणा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चपात्या लाटत होत्या. मी सांगितलं तशा त्या लाटणं हातात धरून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "पाळणा आत्ता कुणाकडे आहे गं?" नणंद गेल्याचं कळल्यावर कुणी असं विचारतं का? पण आमच्या घरात, आणि खरवईतल्या निम्म्या घरांत, हिराआत्या म्हटलं की पाळणाच आठवायचा. रडू त्यांना नंतर आलं, आणि आलं ते थांबेना.

हिराआत्या माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न होऊन आले त्याच दिवशी तिने मला बजावलं, "मला अहो-जाहो करायची नाय. मी काय मास्तरीन हाय?" तिचं घर खरवईला, आमचं कात्रपला. आजूबाजूच्या शेतांत बिल्डिंगा उभ्या राहिल्या तरी ती कौलारू घरातून हलली नाही. एकच लेक, सोनिवलीत दिलेली. त्या लेकीसाठी आत्याच्या नवऱ्याने सागवानी पाळणा करून घेतला होता. लेक धडधाकट वाढली. मग शेजारणीने पाळणा मागून नेला, तिचंही बाळ चांगलं बाळसेदार झालं, आणि होता होता बोलबाला झाला की हा पाळणा लाभतो. उल्हासनगरहून एक सिंधी कुटुंब टेम्पो घेऊन पाळणा न्यायला आलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्या बाळासाठी आत्या कुणालाही पाळणा द्यायची. दुसऱ्यासाठी मात्र तिची अट असे. मोठ्या भावंडाने स्वतःच्या पायांनी चालत तिच्या अंगणात यायचं आणि स्वतःच्या तोंडाने पाळणा मागायचा, तोही आईला दिवस जाण्याआधी. कडेवर बसून आलेलं चालायचं नाही. आईने पढवलेलं पोपटासारखं म्हटलं तर ती मुलाला लाडू द्यायची आणि परत पाठवायची. बायका हा विधीच समजत. मला मात्र वाटायचं, म्हातारीची हौस, दुसरं काय!

आमची मनू अजून वर्षाची व्हायची होती, अंगावर पीत होती. बाळंतपणात माझं रक्त बरंच गेलेलं, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की मनू दोन वर्षांची होईपर्यंत तरी पुन्हा दिवस राहू देऊ नका. आईंना ते पटेना. "लागोपाठ झाली की एकदम वाढतात. मुलगा झाला की सुटलीस," हे त्या सकाळ-संध्याकाळ ऐकवत. नवरा अंबरनाथच्या कंपनीत ड्युटीवर कितीही आवाज करो, आईपुढे पोह्यांच्या बशीत मान घालून बसायचा. मी फार घाबरले होते. आता दुसरं राहिलं तर आपण यातून उठणार नाही, आणि मनूचं काय होईल, हे सारखं मनात यायचं...

पण नातवाला आत्याचाच पाळणा हवा, असंही आईंचं होतं. एका रविवारी त्या मला आणि मनूला घेऊन खरवईला गेल्या. आत्या अंगणात वाल सोलत बसली होती.

"हिरा, आपण घरचीच माणसं. मनू काही एवढ्यात चालत येऊन मागायची नाही. तेव्हा पुढच्या खेपेचा पाळणा आमचा, असं आत्ताच सांगून ठेव."

"नाय."

"माझ्या नातवाला नाही?"

आत्याने सूप बाजूला ठेवलं. "वैनी, तू या घरात यायच्या आधीची गोष्ट. माझा पयला मनूएवढाच होता, तवा मला परत दिवस गेले. सासू म्हनली, पोटुशीचं दूध बाधतं, तोड. मी तोडलं. त्याला वरचं काय व्हतं? पेज. पोर सुकत गेलं. दुसरी आली ती मुठीएवढी. दोगं एकाच साली गेली. मंग माज्या आयशीने मला माहेरी नेलं, ती लवकर धाडलीच नाय. अंग भरलं, मंग ही लेक झाली. म्हनून ती जगली. पाळन्यानं कोन जगतं गं? लाकूड हाय ते."

"मग ही अट कशाला?"

"थांबा म्हनलं तर कोन ऐकतं? पाळन्यासाठी थांबतात."

घरी आल्यावर दारात चपला काढता काढता आई म्हणाल्या, "उद्या डॉक्टरबाईंकडे जाऊन ये." तांबी बसवायला माझ्याबरोबर आत्याच आली, आणि बाहेरच्या बाकावरच्या बायकांना तिने इतकं हसवलं की नर्स ओरडली.

मनू चांगली साडेतीन वर्षांची झाली तेव्हा एकदा आपणहून अंगणात उभी राहून म्हणाली, "आत्याआजी, मला बाळ पाहिजे. पाळणा दे. पण आधी मला एक झोका." आत्या हसून हसून खाली बसली. दुसरीही मुलगीच झाली. आईंचा चेहरा जरासा उतरला, पण पोर इतकी दणदणीत होती, आणि मीही पायांवर उभी होते, की रुसायला त्यांना फार वेळ मिळाला नाही.

आत्याला जाऊन आता दीड महिना झाला. लेकीने पाळणा आमच्याकडे आणून ठेवलाय. गेल्या आठवड्यात खरवईची एक सून दारात आली. पाच महिन्यांची पोटुशी, आणि कडेवर दहा महिन्यांचा मुलगा.

"आत्यांचा पाळणा तुमच्याकडे आहे ना? सासूबाईंनी पाठवलंय."

अटीप्रमाणे तिला पाळणा मिळायचा नव्हता. मी आईंकडे पाहिलं. त्या मुलाकडे बघत होत्या. काटकुळे हात, आणि चेहऱ्यात नुसते डोळे.

"अंगावरचं तोडलंस?"

"हो. बाधतं म्हणाल्या."

"काही बाधत नाही. पुन्हा अंगावर घे त्याला. आणि रोज संध्याकाळी इकडे आणायचं. सासूला सांग, मी बोलावलंय." आईंनी त्याला तिच्या कडेवरून उचलून मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "वरणभात मऊ कालवून आण, वर तूप घाल. आधी हा जेवेल. मग पाळणा काढू."