तीन ठोके आणि वर एक

भागोजी शिवगणाला गावात कुणी शिवगण म्हणत नसे. दोरीवाला म्हणत. नवख्याला वाटायचं, माणूस सुंभ वळत असेल, बाजारात काथ्या विकत असेल. तसलं काही नव्हतं. भागोजीनं तीस वर्षं मुंबईच्या गोदीत दुसऱ्याच्या जिवाची दोरी धरली, आणि तेवढंच काम केलं.

त्या काळी जहाजाच्या बुडाशी काम करायला पाणबुडे उतरत. डोक्यावर हंड्याएवढा पितळी टोप, पायांत शिशाचे जोडे आणि कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक वर भागोजीच्या मुठीत. खालचा माणूस हिसके द्यायचा, ते मोजून भागोजी दोरी सोडायचा, ताणायचा नाहीतर माणूस वर घ्यायचा. मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दोरीवाल्यानं डोकं घरी ठेवून यायचं. हिसके मोजायचे आणि तसं करायचं. खालच्याला काय म्हणायचं असेल, याचा विचार वरच्यानं करायचा नाही." भागोजीनं हा शब्द इतका पाळला की तीस वर्षांत त्याच्या हाताखालचा एकही माणूस दगावला नाही. याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा? आमच्याकडे पुष्कळांनी मुंबईहून ट्रंका भरून आणल्या. भागोजी माणसं जिवंत ठेवून आला.

गावी त्याची बायको हौसा. नवरा शिमग्याला नि गणपतीला दिसायचा. बाकीचं वर्ष ती, भातशेतीचे दोन तुकडे आणि खाटेवरची सासू. नवरा नेमकं काय करतो हे तिला कधी उमजलं नाही. "दोरी धरतात," एवढंच ती सांगे, आणि पाणवठ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. हौसा बोलायला फटकळ, पण रीतीभातीला घट्ट. तीन तिगाडा, काम बिगाडा, हे तिच्या हाडात मुरलेलं. पानात तिसरी भाकरी पडली की ती जराशी थांबायची आणि चौथीचा तुकडा मोडून वर ठेवायची. खाणाऱ्याचं पोट फुटायची वेळ आली तरी तो तुकडा चुकायचा नाही.

एक्क्याऐंशी साली भागोजी कायमचा घरी आला. तेव्हाची रत्नागिरी आठवली की अजून बरं वाटतं. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर वारा खायला येणारी माणसं एकमेकांना नावानं ओळखत. कुणाकडे पाहुणे आले हे घरच्यांच्या आधी एसटीच्या कंडक्टरला ठाऊक असे. पर्यटन हा शब्द नुकताच वर्तमानपत्रातून खाली उतरला होता, आणि तो ज्यांना चावला त्यांत पहिला होता भास्कर मुळ्ये.

भास्कर हा आंबेवाल्या राजाभाऊंचा इंजिनियर मुलगा. पोरगा हुशार, स्वभावानं गोड, आणि ऐकून घेण्याच्या बाबतीत ठार बहिरा. आंब्याच्या पेट्यांच्या शेडमध्ये दोन वर्षं खटपट करून त्यानं एका जुन्या लोखंडी टाकीची पाणबुडी केली. आत दोन माणसं अवघडून बसतील एवढी जागा, समोर जाड प्लास्टिकची खिडकी, माथ्यावर वाटीएवढी काच. नाव ठेवलं जलराणी. गाव म्हणालं, पिंप.

मे महिन्यात मुंबईची कुटुंबं येणार, पोराबाळांसकट पिंपात बसून समुद्राचा तळ बघणार, असा बेत. पिंपाला इंजिन नव्हतं. मचव्यावरच्या, म्हणजे मोठ्या होडीवरच्या, रहाटानं ते दोरीला बांधून खाली सोडायचं आणि वर ओढायचं. आत बोलायची सोय नव्हती म्हणून हातोडीचे ठोके ठरले. दोन ठोके म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर ओढा, चार म्हणजे आणखी खाली सोडा. ठोके ताणलेल्या दोरीतून हाताला कळत. आता असा हात अख्ख्या तालुक्यात एकाचाच.

भास्करनं बोलावल्यावर भागोजीनं पिंपाभोवती एक फेरी मारली आणि तो झाकणापाशी थांबला. "ह्ये बोल्ट भायरनं आवळायचे?"

"हो. त्याशिवाय पाणी थांबत नाही," भास्कर म्हणाला.

"मंग आतल्या मानसानं भायर कसा यावा? आतनं उघडत नाय ता दार कसला, भाऊ?"

"उघडायची वेळच येणार नाही, भागोजीबाबा. मी स्वतः आत बसतोय ना? मला जीव नाही का?"

"कुनी तपासलान काय ह्येला?"

"सरकारी तपासणीची वाट बघत बसलो तर माझे केस पिकतील."

दर्याला मालक कळत नाही नि गडी कळत नाही, हे भागोजीच्या ओठांवर आलं होतं, पण तीन वर्षं रिकामे बसलेले हात शिवशिवत होते. खरं सांगायचं तर त्याला हे बोलावणं आवडलं होतं. आपण नाही धरली तर दुसरा कुणी अडाणी धरेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. चांगली माणसं वाईट कामात शिरतात ती बहुधा याच दारानं.

दोन-तीन वेळा पिंप तीन वाव, म्हणजे अठरा फूट, गेलं आणि सुखरूप वर आलं. भास्करला धीर आला. चौऱ्याऐंशीच्या माघात त्यानं ठरवलं, आता सहा वाव जायचं आणि गावातल्या कुणा बाईला न्यायचं, म्हणजे लोकांची भीड चेपेल. हौसा पदर खोचून पुढं झाली.

"तू नको," भागोजी म्हणाला.

"का वो? तीस वरसा तुमी पान्याकडं बघत काय बसलाव, ता माला बघायचा हाय."

"खाली बघन्यासारखा काय नाय गो."

"मंग तुमी ऱ्हायलाव कशाला?"

आपल्याकडे बायकोला उत्तर देता आलं नाही की नवरा परवानगी दिली असं समजतो. त्यानं तिला पिंपात उतरताना हात दिला आणि आत बसलेल्या भास्करनं तिच्याजवळ हातोडी दिली. रघू खलाशानं झाकणाचे बोल्ट आवळले. शेवटचा बोल्ट आवळला तशी भागोजीनं दोरी मुठीत घेतली.

पिंप पाण्याखाली गेलं. एक वाव, दोन, तीन. दोन ठोके आले. सगळं ठीक. चार वाव, पाच. पुन्हा दोन ठोके. रहाटावर रघू, दोरीवर भागोजीची मूठ. सहा वावांची खूण आली आणि रघूनं रहाट अडवला.

खाली त्याच वेळी खिडकीच्या कडेनं पाण्याची बारीक धार सुटली. भास्करनं तळहात लावला तशी धार दोन्हीकडून फुटली. दोन्ही हातांनी खिडकी दाबून धरत तो ओरडला, "हौसाबाई, तीन ठोके मारा, तीन!" हौसानं तीन ठोके मारले, सणसणीत. आणि हातोडी खाली ठेवता ठेवता ती थांबली. अशा वेळी तीन? तिनं वर एक मारला.

"चार," रघू म्हणाला आणि त्यानं रहाट मोकळा केला.

दोरी भागोजीच्या मुठीतून खाली सरकू लागली. चार ठोके म्हणजे सोडा. तीस वर्षं त्यानं आकड्यापुढं डोकं चालवलं नव्हतं. पण हे चार काही चारासारखे नव्हते. तीन एका दमात, मग जरा विसावा, मग एक हलका, वर ठेवल्यासारखा. हा विसावा त्याला माहीत होता. घरी जेवायला बसला की दर वेळी त्यानं तो पाहिला होता.

"वढ," तो म्हणाला.

"बाबानू, चार ठोके आले. भाऊंनी सांगितलान हाय..."

"तीन हायत ते. वढ, रघू, माजी बायको हाय खाली."

भागोजीनं स्वतः रहाटाचा दांडा धरला. पासष्टीचा माणूस, छातीचा भाता झाला, तळहात सोलवटून निघाले. पिंप वर यायला पाच-सात मिनिटं लागली असतील. बोल्ट निघायला तेवढीच आणखी, आणि ती मिनिटं भागोजीला तीस वर्षांहून लांब वाटली. झाकण उघडलं तेव्हा आत छातीइतकं पाणी होतं. भास्करचा चेहरा पांढराफटक पडला होता. हौसा हातोडी छातीशी धरून ताठ बसली होती.

काठावर आल्यावर भास्करला राग आला. घाबरलेल्या शिकलेल्या माणसाला आधी रागच येतो. "मी तीन सांगितले होते," तो म्हणाला. "यांनी चार मारले. आणखी खाली गेलो असतो तर खिडकीच आत आली असती."

"ती नाय चुकली," भागोजी म्हणाला. "भाऊ, तुमी जीव टांगलाव तीनावर. आमच्यात तीन कुनी ठेवत नाय. उद्या मुंबयची पोरा बसतील, ती काय करतील ता तुमाला ठाऊक हाय? आनि तवा दोरीवर मी नसलो तर? मी आता नसनारच हाय."

भास्कर वाळूत बसून राहिला. त्याच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की त्यानं नवीन खिडकी बसवायचा विषयही पुन्हा काढला नाही. जलराणी मुळ्यांच्या बागेत गेली आणि आंब्याच्या कलमांना शिंपायचं पाणी तिच्यात साठवू लागले. त्या कामाला मात्र ती उत्तम निघाली.

त्या संध्याकाळी भागोजी नि हौसा एसटीच्या थांब्यावर बसली होती. तिच्या अंगावर मुळ्यांकडचं कोरडं लुगडं, त्याच्या हातांना हळद लावून बांधलेल्या चिंध्या.

"काय दिसला गो खाली?" त्यानं विचारलं.

"काय नाय. गढूळ पानी. मासा म्हनाल तर एक नाय." ती जरा थांबली. "डोकीवरच्या काचेतनं दोरी दिसत व्हती, वर गेलेली. मी तीच बघत व्हते. पानी शिरला तवा भाऊ घाबरले. मी नाय. म्हटला, वर ह्ये हायत."

भागोजीनं एसटी येते का ते वाकून पाहिलं.

"तीस वरसा तुमी मुंबयला," हौसा म्हणाली. तिचा आवाज फटकळ नव्हता. "सासू गेली तवा मी एकली. पोर दोन म्हयन्यांचा व्हऊन गेला तवा एकली. तवा माज्याकडं दोरी नव्हती वो. कुनाला ठोके मारनार?"

भागोजीनं परक्या माणसांचे हिसके मोजण्यात सगळी उमर घालवली होती, आणि त्याच्याइतका सावध माणूस गोदीत नव्हता, असं मुकादम सांगे. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. हात बांधलेले होते.

"माजा चुकला, हौसा," तो म्हणाला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि तिला नावानं त्यानं पहिल्यांदाच हाक मारली.